राखणदाराचा आवाज : पावसाळ्यात मुद्रित झालेल्या एका गेमचे प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या गटाने अद्भुतकथेच्या जातीचा एक मराठी रोल-प्लेइंग गेम तयार केला. खेळणारा त्यात निरोप्या होतो आणि गावोगावच्या सीमा ओलांडत एक वस्तू घाटाच्या माथ्यावर पोचवतो. प्रत्येक सीमेवर त्या गावचा राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव, भेटतो. तो अडवतो, प्रश्न विचारतो, कधी वाट देतो, कधी चकवा लावतो. मागच्या गावात तुम्ही कसे वागलात यावर त्याचे बोलणे ठरते. सगळी कथा आषाढात घडते, त्यामुळे पाऊस जवळजवळ थांबतच नाही. संवादांचे दिग्दर्शन आणि ध्वनिरचना अशी दोन्ही कामे माझ्याकडे होती. इथे मी फक्त राखणदाराचे प्रकरण मांडते आहे, कारण गेममधल्या आवाजाबद्दल माझी जी काही ठाम समजूत झाली ती याच पात्रावर काम करताना झाली. बोलणारा ऐकणाऱ्यापासून किती लांब आहे हे नटाच्या गळ्यातच मुद्रित करावे लागते. जागा, म्हणजे गुहा, रान, पाऊस, हे सगळे मागाहून देता येते. अंतर मागाहून देता येत नाही.

काम माझ्याकडे आले तेव्हा राखणदाराचा आवाज एकदा मुद्रित होऊन गेला होता. गोव्याबाहेरच्या एका स्टुडिओत, जाहिरातींना आवाज देणाऱ्या अनुभवी कलाकाराने तो दिला होता. मुद्रण अगदी स्वच्छ, खर्ज भरदार, उच्चार निर्दोष. तरीही चाचणीला बसलेली मुले पहिल्या सीमेवर तो आवाज मन लावून ऐकत, दुसऱ्या सीमेवर पडद्याखालची अक्षरे वाचून पुढचे बटण दाबत, आणि तिसऱ्या सीमेपर्यंत एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकले जात नसे. मी त्यांच्या मागे बसून पाहत होते. कंटाळा आवाजाचा नव्हता. राखणदार वडाच्या पारावर उभा राहून हाक मारो की खांद्याशी येऊन बोलो, कानाला तो एकाच ठिकाणी बसलेला वाटत होता. जाहिरातीचा आवाज सर्वांना उद्देशून असतो. समोर एक माणूस उभा आहे, भिजला आहे, घाबरला आहे, हे त्या आवाजाला ठाऊक असायची गरज नसते. इथे मात्र तेवढीच गरज होती.

गटातल्या मुलांनी त्या मुद्रणावर प्रयोग करून पाहिले होते. लांबच्या वाक्यांना प्रतिध्वनी लावला, वरच्या कंप्रता कापल्या, पातळी कमी केली. ते ऐकताना कोणीतरी रिकाम्या रांजणात तोंड घालून जवळूनच बोलतो आहे असे वाटे. त्याचे कारण शरीरात आहे. माणूस लांबच्या माणसाला हाक मारतो तेव्हा नुसता आवाज मोठा होत नाही. सूर वर चढतो, स्वर लांबतात, श्वास वेगळ्या ठिकाणी घेतला जातो, आणि आवाजातली ताकद खर्जाकडून वरच्या पट्ट्याकडे सरकते. कानाला हे इतके चांगले कळते की हाक कमी पातळीवर ऐकवली तरी ती हाकच वाटते आणि कुजबूज कितीही मोठी करून ऐकवली तरी ती कुजबूजच राहते. यंत्राला पातळी बदलता येते, प्रयत्न बदलता येत नाही.

म्हणून पुन्हा मुद्रण करायचे ठरले आणि या वेळी नट नाटकातले घ्यायचे असा आग्रह मी धरला. गोव्यात त्यासाठी लांब जावे लागत नाही. कार्तिकापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रांत देवळापुढच्या मंडपात मराठी नाटके होतात. गावातलीच माणसे दिवसा नोकरी-बागायत करून रात्री तालमी करतात, पदरचे पैसे घालून ऑर्गन-तबल्याची साथ आणि पडदे आणतात. पेडण्याच्या बाजूला दशावतारी मंडळांची परंपरा आहे. तिथे संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठाऊक असते, बाकी सगळे रंगमंचावर उभे राहून बोलायचे. शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीपर्यंत शब्द कसा पोचवायचा याचे शिक्षण या माणसांना लहानपणापासून मिळालेले असते.

अडचण होती हंगामाची. जत्रांच्या दिवसांत हे नट रिकामे नसतात, आणि असले तरी गळा रिकामा नसतो. रात्र-रात्र प्रयोग करून चैत्रापर्यंत आवाज बसत चाललेला असतो. त्यावर आणखी मारामारीच्या आरोळ्या मुद्रित करायला लावणे मला मान्य नव्हते. अमेरिकेत २०१६-१७ साली गेममध्ये आवाज देणाऱ्या कलावंतांनी केलेल्या संपात गळ्यावर पडणारा ताण हा एक मुद्दा होता. तिथे संघटना आहे, इथे नाही, एवढ्यावरून गळ्याची काळजी कमी घ्यावी असे होत नाही. गणपती आले की हीच माणसे भजना-आरत्यांत अडकतात. उरतात ते आषाढ आणि श्रावण. म्हणजे नट मोकळे असण्याचा काळ आणि गोव्यातला सर्वांत मोठ्या आवाजाचा काळ एकच. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये.

कोठीची खोली

गटातल्या एकाच्या आजोळचे जुने घर आम्हाला मिळाले. चिऱ्याच्या जाड भिंती, वर माळा, त्यावर मंगळुरी कौले. माजघराला लागून खिडकी नसलेली कोठीची खोली होती. तिथे भाताची पोती भिंतीशी रचली. खालचा घुमारा शोषून घ्यायला भाताच्या पोत्यासारखी गोष्ट नाही, हे मी कोणत्याही स्टुडिओवाल्याला सांगायला तयार आहे. दारावर वाकळा टांगल्या. माळ्यावर गवताच्या पेंढ्या पसरल्या, त्यामुळे कौलांवरचा मार खोलीत उतरताना बराच मऊ झाला. फ्रिज आणि पंखे बंद. वीज जायचीच, म्हणून सगळी यंत्रे बॅटरीवर.

माइक निवडतानाही पावसाळाच आडवा आला. स्टुडिओत मानाचा असणारा कंडेन्सर माइक दमट हवेत चरचरायला लागतो, आणि आषाढातल्या घरात हवा कोरडी ठेवण्याचा उपाय नाही. आम्ही शुअर एसएम७बी जातीचा डायनॅमिक माइक घेतला आणि तोंडापासून चार बोटांवर ठेवला. इतक्या जवळ धरला की आवाज आणि भोवतालचा पाऊस यांतले प्रमाण आपल्या बाजूने झुकते. जवळ धरल्यामुळे खर्ज फुगतो, तो नंतर गाळणीने काढता येतो. कौले अगदीच गर्जू लागली की थांबायचे, चहा घ्यायचा, पुढच्या वाक्यांची चर्चा करायची. उघडीप झाली की पुन्हा सुरू. रात्री मुद्रण केलेच नाही, कारण मागच्या शेतातले बेडूक कोणाचेच ऐकत नव्हते.

गेममध्ये तर पाऊसच आहे, मग मुद्रणात थोडा आला तर काय बिघडले, असे मला अनेकांनी विचारले. पुष्कळ बिघडते. गेममध्ये प्रत्येक वाक्य ही वेगळी फाइल असते आणि ती केव्हा वाजेल हे खेळणाऱ्याच्या हातात असते. वाक्यात पाऊस मिसळलेला असेल तर वाक्य सुरू होताना तो अचानक उगवतो आणि वाक्य संपताच कापला जातो. कान हे लगेच पकडतो. शिवाय तेच वाक्य राखणदार गुहेत बोलला तर तिथेही पाऊस पडू लागेल. आवाज कोरडाच हवा.

अंतर सांगणे

राखणदार पेडण्याच्या एका ज्येष्ठ दशावतारी नटाने केला. आम्ही त्यांना काका म्हणत असू. पहिल्या दिवशी त्यांनी माइकपुढे उभे राहून वाक्य म्हटले आणि कोठीची खोली हादरली. मुद्रणयंत्राशी बसलेल्या मुलाने हेडफोन काढले. त्याने विनंती केली, ‘काका, जरा हळू.’ काकांनी हळू म्हटले, तर ते रंगमंचावरचे हळू झाले, म्हणजे शेवटच्या रांगेला ऐकू जाणारी कुजबूज. तीही कानाला खोटी वाटली. असे दोनतीनदा झाल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बाय, हळू म्हणू, मोठ्याने म्हणू, ते मला सांगू नकोस. तो कुठे उभा आहे ते सांग.’

त्यानंतरचे सगळे काम या वाक्यावर चालले. गटातल्या एका मुलाला आम्ही निरोप्या केला आणि त्याला खरोखर उभे करू लागलो. कधी माजघराच्या पलीकडे वसरीच्या टोकाला, उघड्या दारातून दिसेल असा. कधी उंबरठ्यावर. कधी काकांच्या अगदी बाजूला, पाठ करून. माइक जागचा हलला नाही, तो चार बोटांवरच. बदलला तो समोरचा माणूस. वसरीतल्या मुलाकडे पाहून काकांनी जे म्हटले त्यात आपोआप हाकेचा सूर आला. पाठ केलेल्या मुलाच्या मानेमागून जे म्हटले त्यात मला प्रथमच त्या पात्राची भीती वाटली. एका हाताच्या अंतरावर त्यांचा आवाज सर्वांत साधा झाला. गावातला वडीलधारा माणूस रस्त्यात थांबवून चौकशी करतो तसा. मला तो सर्वांत आवडला.

आमच्याकडच्या पटकथेत भावना लिहिण्याचा रकाना होता: रागाने, गंभीरपणे, उपहासाने. तो मी काढून टाकला आणि अंतराचा रकाना घातला. हाकेवर, हातावर, कानाशी. बस्स. नटाला भावना सांगितली की तो भावनेचे प्रदर्शन करतो. समोरच्या माणसाची जागा सांगितली की तो बोलतो. गेममध्ये हे नाटकापेक्षाही खरे आहे, कारण तिथे नट दृश्य सलग करत नाही. सुटी वाक्ये म्हणतो, आधी काय घडले हे त्याला पक्के ठाऊक नसते, कारण ते खेळणारा ठरवणार असतो. धरून ठेवायला त्याच्याकडे एकच पक्की गोष्ट असते: ऐकणारा कुठे आहे.

मोठ्या हाका चार बोटांवरून मुद्रित करताना आवाज फाटण्याचा धोका असतो. त्यासाठी काकांना माइकच्या धारेतून थोडे बाजूला वळवले आणि ३२ बिट फ्लोट पद्धतीने मुद्रण केले. त्या पद्धतीत कुजबूज आणि आरोळी एकाच मांडणीत मावतात, प्रत्येक वाक्याआधी यंत्राची कळ फिरवावी लागत नाही. आरोळ्या, मार बसल्याचे हुंकार, दम लागल्याचे श्वास हे सगळे दिवसाच्या अगदी शेवटी ठेवत असू. त्यानंतर त्या दिवशी एकही वाक्य नाही.

आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो आणि उच्चार घट्ट करतो. एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली हे नोंदवले, त्याच्याच नावाने तो परिणाम ओळखला जातो. कोठीच्या खोलीत पाऊस येऊ नये म्हणून एवढा खटाटोप केला होता, त्यामुळे काका शांततेत बोलत होते, आणि शांततेतला आवाज गेममधल्या पावसावर ठेवला की तरंगल्यासारखा वाटे. मग आधी मुद्रित करून ठेवलेला पाऊस मी काकांच्या हेडफोनमध्ये सोडला. माइकला तो ऐकू येत नव्हता, काकांना येत होता. वाक्य तेच, माणूस तोच, पण आता तो पावसात उभा राहून बोलत होता. हेडफोन मात्र एकाच कानावर. दुसरा कान समोरच्या मुलासाठी मोकळा.

अंतर ठरले तशी वाक्येही बदलावी लागली. मूळ संहितेत पहिल्या सीमेवर राखणदार म्हणत असे, ‘जो कोणी या सीमेवरून रात्रीच्या वेळी जाईल त्याने आपल्या गावाचे नाव सांगितले पाहिजे.’ पावसातून, पारावरून, असे वाक्य कोणी बोलत नाही. ते झाले, ‘कोण ते? गाव कुठलं?’ जुने वाक्य पूर्ण टाकले नाही. तेच तुकड्यातुकड्याने, निरोप्या जवळ आल्यावर, हाताच्या अंतरावर येते. लेखकाला सुरुवातीला हे जड गेले, ते समजण्यासारखे आहे. पण हाकेच्या अंतरावर ‘जो-त्याने’ अशी जोडलेली उपवाक्ये टिकत नाहीत, ती पाऊस खातो.

‘कोण ते’ या शब्दांमागे दुसरेही कारण होते. खेळणारा मुलगा किंवा मुलगी कोणतेही पात्र घेऊ शकतो. इंग्रजी गेममध्ये समोरच्याला उद्देशून म्हटलेले बहुतेक वाक्य दोघांनाही चालते. मराठीत आलास-आलीस, येतोस-येतेस, कोण रे-कोण गं. राखणदार कोणाला अहो-जाहो करणार नाही, म्हणून ‘तुम्ही आलात’ ही पळवाटही बंद. म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा मुद्रित करायचे, किंवा लिहितानाच तोडगा काढायचा. आज्ञार्थ दोघांना सारखा: थांब, सांग, बस. भविष्यकाळही: जाशील, बोलशील. मालकीची वाक्येही: तुझं गाव, तुझ्या हातात काय. हाकेवरची सगळी बोलणी आम्ही या रूपांत लिहिली आणि त्यामुळे राखणदाराच्या बोलण्याला हुकमी वळण आले ते पात्राला शोभले. कानाशी बोलायची वाक्ये मात्र दोन्ही रूपांत मुद्रित केली. ‘नाव विसरलीस, की लपवतेस?’ हे वाक्य गुळमुळीत करून चालले नसते.

न लिहिलेली वाक्ये

मोठ्या रोल-प्लेइंग गेममधला जुना दुखरा भाग म्हणजे रस्त्यात ऐकू येणारी सुटी वाक्ये. २००६ च्या ओब्लिव्हियनमध्ये सगळे संवाद आवाजी होते, पण नट थोडे असल्याने गावोगावी तेच गळे भेटत. २०११ च्या स्कायरिममधला पहारेकरी गुडघ्यात बाण लागल्याचे इतक्यांदा सांगतो की ते वाक्य जगभर थट्टेचा विषय झाले. वाक्य वाईट नव्हते, ते पुन्हापुन्हा आले एवढेच.

इथे दशावतार कामाला आला. काकांना मी वाक्ये दिलीच नाहीत, प्रसंग दिले. हा निरोप्या काल खोटे बोलला. आज पुन्हा आला आहे, पाऊस जास्त आहे, वस्तू त्याने पाठीमागे लपवली आहे. बोला. आणि काका बोलत सुटत. एकाच प्रसंगावर वेगवेगळ्या बाजूंनी, कधी दटावणी, कधी कोडे, कधी नुसता घसा खाकरून टाकलेला ‘हं’. ही माणसे रात्रभर प्रेक्षकांकडे पाहून संवाद रचत असतात, गेमला हवा असलेला गुण त्यांच्या अंगात मुळातच आहे. जत्रेतल्या नाटकाचे एक उत्तम नट आमच्याकडे गावच्या मानकऱ्याची भूमिका करत होते. त्यांना लिहिलेले वाक्य द्या, दहा वेळा तितक्याच तोलाने म्हणतील. पण प्रसंग देऊन ‘बोला’ म्हटले की ते अवघडत. दोन्ही विद्या मोठ्या आहेत. कोणत्या पात्राला कोणती लागते हे आधी ओळखावे लागते.

उत्स्फूर्त बोलण्याची किंमतही आहे. मुद्रणानंतर सगळे उतरवून काढावे लागले, पडद्याखालची अक्षरे त्यावरून लिहावी लागली, आणि गेमच्या स्थितीशी न जुळणारी वाक्ये बाजूला काढावी लागली. काकांनी एकदा सहज म्हटले, ‘आईनं भाकरी बांधून दिली ती खाल्लीस का?’ आमच्या कथेत निरोप्याला आई नव्हती. वाक्य इतके जिवंत होते की कथालेखकाने निरोप्याच्या शिदोरीत एक भाकरी ठेवली आणि ती बांधून देणारी एक शेजारीण लिहिली. ‘खाल्लीस’ हे रूप दोघांनाही चालते, कारण ते भाकरीच्या मागे जाते. मग एफमॉड या गेमच्या ध्वनीसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही वाक्ये अशी बांधली की एक वाजले की बाकीची संपेपर्यंत ते परत येत नाही, आणि सलग दोन सीमांवर तर नाहीच.

तालमीत, चहाच्या वेळी, सगळे कोकणी बोलत. माइकपुढे मराठी. गोव्यातल्या नाटकवाल्याला हे अवघड जात नाही, घरची कोकणी आणि मंडपातली मराठी हा त्याचा रोजचा व्यवहार आहे. राखणदाराच्या मराठीत पेडण्याची जी लकेब आली ती मी तशीच ठेवली. आधीच्या मुद्रणात नेमकी ती नव्हती.

गाऱ्हाणे नाही

एका गोष्टीवर मतभेद झाले आणि ते नोंदवलेच पाहिजेत. राखणदार वाट देतो त्या प्रसंगात गटाला खरे गाऱ्हाणे हवे होते, गावचा जाणता माणूस देवापुढे घालतो तसे. काकांनी ते माइकपुढे म्हणायला नकार दिला. गाऱ्हाणे घालायचे तर ज्याला घालायचे तो समोर हवा, आणि काहीतरी मागायचे असायला हवे, असे त्यांचे म्हणणे. मला ते पूर्ण पटले. राखणदार ही गोव्यात कोणाची करमणुकीची कल्पना नाही. आजही लोक त्याला रोट आणि सूर, म्हणजे माडाची ताडी, ठेवतात, रात्री सीमेवरून जाताना त्याची आठवण काढतात. आम्ही नवी शब्दरचना केली, खऱ्या गाऱ्हाण्यातली एकही ओळ न घेता, फक्त त्यातली चढउताराची चाल लक्षात ठेवून. काकांनी ती दोन वेळा बदलायला लावली आणि मगच म्हटली.

राखणदाराचे शरीर

आवाजाच्या आधी त्याची चाहूल येते. लोकांच्या सांगण्यातही तेच असते: काठीचा ठोका, वहाणांचा आवाज, घुंगरू, मग कोणीतरी असल्याची जाणीव. वेताळाच्या देवळात चामड्याच्या वहाणा वाहतात आणि तो रात्री फिरल्यामुळे त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. म्हणून पावलांसाठी आम्ही मुद्दाम झिजलेल्या चामडी वहाणा शोधल्या. नव्या वहाणा करकरतात, झिजलेल्या घासतात. ओल्या चिऱ्यावर त्या घासण्याचा जो आवाज येतो त्यात वजन आणि वय दोन्ही आहेत. काठीच्या टोकाला लोखंडी कडे. घुंगरू एकच, तेही प्रत्येक पावलाला नाही.

राखणदार रागावतो तेव्हा खाली एक धडधड सुरू होते. ती घुमटाची आहे. मातीच्या या वाद्याचे एक तोंड चामड्याने मढवलेले असते आणि दुसऱ्या उघड्या तोंडावर डावा हात उघडमीट करून वादक घुमारा वाकवतो. तो वाकणारा खर्ज कोणत्याही सिंथेसायझरमधून मला मिळाला नसता. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्याने आता बकऱ्याचे लावतात, आणि आम्ही वापरले तेही तसेच. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली.

जागा देण्यासाठी एका डोंगराच्या कडेला असलेल्या बंद चिरेखणीचा वरचा, कोरडा टप्पा वापरला. तिथे बॅटरीवरच्या स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत चढणारा एक सूर सोडला, खणीने तो कसा परतवला हे मुद्रित केले, आणि त्यावरून त्या जागेचा ठसा काढला. काकांचा कोरडा आवाज त्या ठशातून काढला की ते खणीत उभे असतात. जांभ्याचा दगड सच्छिद्र असल्याने तिथला प्रतिध्वनी झगझगीत नसतो, लगेच मऊ होतो. काळ्या कातळातल्या गुहेचा तयार ठसा लावून पाहिला, तर तो राखणदार सह्याद्रीच्या पलीकडचा वाटला.

पावसाने वाट द्यावी

आता पाऊस. सततचा पाऊस सगळ्या कंप्रता व्यापतो, आणि शब्द कळण्यासाठी लागणारी व्यंजने, विशेषतः स, श, च, त, ट, जी २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आणि त्याच्या वर राहतात, ती आधी बुडतात. संवाद आला की पाऊस एकदम खाली ओढायचा ही रूढ पद्धत आहे. तसे केले की प्रत्येक वाक्याआधी पाऊस दचकल्यासारखा होतो आणि खेळणाऱ्याला कळते की आता कोणीतरी बोलणार.

मी पाऊस थरांत मांडला. लांबचा शेतावरचा, मधला कुळागरातला म्हणजे पोफळीच्या बागेतला, माडाच्या झावळ्यांवरचा, कौलांवरचा, आणि सर्वांत जवळचा इरल्यावरचा. निरोप्या इरले घेऊन चालतो, त्यामुळे डोक्यावर थेंबांचा टपटपाट कायम असतो. राखणदार हाक मारतो तेव्हा फक्त मधला थर आणि त्यातही फक्त तो २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा हलकेच खाली जातो. लांबचा पाऊस तसाच राहतो. इरल्यावरचे थेंबही राहतात, कारण ते सुटे आहेत आणि त्यांच्या फटींतून शब्द निसटतो. राखणदार कानाशी बोलतो तेव्हा मात्र इरल्यावरचा पाऊस पूर्ण थांबतो. तो निरोप्याच्या इरल्याखाली शिरला आहे. पडद्यावर हे दाखवलेले नाही, फक्त ऐकू येते, आणि चाचणीतल्या एका मुलीने त्या क्षणी मागे वळून पाहिले.

बहुतेक जण हा गेम फोनवर खेळणार, त्यामुळे अखेरची पातळी फोनसाठी ठरवली. घरातल्या कन्सोलसाठी -२४ आणि हातात धरायच्या यंत्रासाठी -१८ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचे एकक) ही सोनीच्या ध्वनिगटाची शिफारस आम्ही आधार म्हणून घेतली. फोनच्या स्पीकरवर घुमटाची धडधड जवळजवळ नाहीशी होते. तिथे वहाणांचे घासणे थोडे वर आणले. त्याहून जास्त काही करता येत नाही, हेडफोन लावा असे सुरुवातीला लिहून ठेवले आहे.

दुसऱ्या चाचणीत मुलांनी राखणदाराची वाक्ये ऐकली. सगळी नव्हे. मानकऱ्याची लांबलचक माहिती अजूनही बटण दाबून पुढे ढकलली जाते, आणि माझ्या मते तो दोष नटाचा नाही, लिहिण्याचा आहे. पण राखणदार बोलताना काही जण उभे राहतात, म्हणजे पात्राला चालवायचे थांबतात. एका मुलाने तिसऱ्या सीमेवर मुद्दाम मागे जाऊन पुन्हा हाक ऐकली, ती वेगळी होती म्हणून आणखी एकदा गेला.

काकांच्या मानधनाचा करार मराठीत लिहिला आणि वाचून दाखवला. २०२४ च्या जुलैत अमेरिकेतल्या गेम-कलावंतांनी पुन्हा संप केला तो मुख्यतः त्यांच्या आवाजावरून यंत्राने नवा आवाज बनवण्याच्या प्रश्नावर, आणि तो जवळपास वर्षभर चालला. म्हणून आमच्या करारात हे कलम पहिले होते: या मुद्रणावरून कोणतेही यंत्र शिकवायचे नाही. काकांनी ते ऐकून घेतले आणि स्वतःचे एक कलम घालायला सांगितले. राखणदाराचा आवाज गेमच्या बाहेर, कसल्याही जाहिरातीत, वापरायचा नाही. हे कलम आता गटातल्या सगळ्या नटांच्या करारात आहे, मानकऱ्याच्याही.